हसवणारे परग्रहवासी आणि खरी विज्ञानकथा

24 सप्टेंबर 2014 रोजी सकाळी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. पहिल्याच प्रयत्नात मंगळ गाठणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्याच वर्षी टीव्हीच्या पडद्यावर उलट दिशेचा प्रवास चालू होता. सब टीव्हीवर ‘बडी दूर से आये हैं’ ही हिंदी विनोदी मालिका सुरू झाली होती आणि तिच्यातले अख्खे परग्रहवासी कुटुंब माणसांचे रूप घेऊन मुंबईतल्या एका वसाहतीत राहायला आले होते. हरवलेला मुलगा शोधायला ते पृथ्वीवर उतरले होते. कुटुंबप्रमुख वसंत घोटाला झाला होता सुमीत राघवन, तर त्याची पत्नी वर्षा झाली होती रूपाली भोसले. दोघेही मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचे. हॅट्स ऑफ प्रॉडक्शन्सची ही मालिका 2016 पर्यंत चालली.

अशा मालिकेला विज्ञानकथा म्हणायचे का? विज्ञानकथेचे निष्ठावान वाचक बहुधा लगेच मान हलवतात आणि कारण देतात की ती तर विनोदी आहे. हे कारण मला पटत नाही. एखादी अंतराळमालिका विज्ञानकथा ठरते की नाही, हे ती हसवते की नाही यावर अवलंबून नसते. तिने स्वतःच मांडलेला नियम ती पाळते का आणि तिचे हसू त्या नियमातून निघते का, हे पाहावे लागते.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांशी जोडलेला आहे. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी 1977 साली उभी राहिली. तिथले सेट, अंधेरीचे स्टुडिओ आणि मालाडच्या लिंक रोडलगतची सोनी समूहाची कचेरी, ज्या समूहाची सब ही वाहिनी, या पट्ट्यात हिंदी दूरचित्रवाणीचे मोठे काम चालते. आणि दुसऱ्या टोकाला, शीव-चुनाभट्टीला, मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. 1966 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मराठी विज्ञानकथेला स्पर्धा घेऊन, लेखक शोधून, अक्षरशः हाताला धरून वाढवले. एकाच शहरात एकीकडे परग्रहवासी घडवले जात होते आणि दुसरीकडे विज्ञानकथा म्हणजे काय याचा कस ठरत होता.

परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेची हकिकत पुन्हा पुन्हा सांगावी अशी आहे. पहिल्या क्रमांकाची कथा होती ‘कृष्णविवर’ आणि लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. त्या वेळी ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आपल्या नावाच्या वलयामुळे परीक्षक दबू नयेत म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव बनवले होते. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांनाच मिळाले. मराठी विज्ञानकथेने साहित्याच्या मुख्य ओसरीवर जागा मिळवली ती अशी, आणि ती मिळवताना तिने विज्ञानाशी तडजोड केली नाही.

नारळीकरांच्या कथा सदैव गंभीर असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ काढून वाचावी. डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे होणे हा तिचा गाभा, त्यात क्रिकेटही आहे, आणि सगळी कथा मिश्कील आहे. पण तिच्यामागचे गणित पक्के आहे. कागदाची लांब पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ द्या आणि टोके चिकटवा. ही मोबियसची पट्टी. पट्टी पारदर्शक प्लास्टिकची असेल आणि तिच्यावरून डाव्या पंजाचा सपाट आकार सरकवत एक पूर्ण फेरी मारली, तर तो मूळ जागी उजवा पंजा होऊन परततो. वाटेत त्याला कोणी उचलून उलटे केलेले नसते, अवकाशाच्या पिळाने ते काम केलेले असते. द्विमितीतला पंजा असा उलटतो, मग आपल्या त्रिमितीला वरच्या मितीत तसा पीळ पडला तर? तिथे मूर्तीची सोंडही फिरेल आणि गोलंदाजाचा हातही बदलेल. कथेतली गंमत याच ‘तर’मधून येते. गणित काढून घेतले तर गंमतही उरत नाही.

मी हीच कसोटी विनोदी अंतराळमालिकांना लावतो. विज्ञानाची कल्पना काढून पाहावी. प्रसंग कोसळला तर ती विज्ञानकथा, आणि प्रसंग तसाच उभा राहिला तर ती वेशभूषा.

आता 1967 सालच्या ‘चाँद पर चढाई’ या हिंदी चित्रपटाकडे वळू. नील आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्रावर पडायला अजून दोन वर्षे होती, आणि पडद्यावर दारासिंग चंद्रावर पोहोचले होते. त्यांच्यासोबत होते आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा स्वतः गिरणीत राबला, 1951 मध्ये ‘अलबेला’ने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेले, चेंबूरला त्याने जागृती स्टुडिओ उभारला. अंतराळयुगाच्या पहाटे चंद्रावर जाऊन हसवणारा मराठी माणूस म्हणून भगवानदादांची नोंद व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

या चित्रपटात चंद्रावर मारामाऱ्या होतात, पण त्या जमिनीवरच्यासारख्याच. इथे केवढी संधी हुकली! चंद्रावर गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे. 120 किलोचा पहिलवान तिथे स्प्रिंगच्या काट्यावर 20 किलो भरेल. म्हणजे धोबीपछाड मारायला त्याला उचलणे सोपे. पण वस्तुमान बदललेले नसते. तो तुमच्या अंगावर धावत आला तर त्याला थांबवायला पृथ्वीवर लागते तेवढीच ताकद लागणार. शिवाय पायाखालचे घर्षणही एकषष्ठांशावर आलेले. ज्याने फेकले तोही मागे घसरत जाणार, आणि फेकलेला गडी खाली पडायला नेहमीच्या जवळजवळ अडीचपट वेळ घेणार, कारण पडण्याचा काळ सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे 2.45 पटीने, वाढतो. पट काढावा तर पाय हाती येतील आणि धड तरंगत राहील. भगवानदादांचे ते सुप्रसिद्ध हलके, डुलते नाचणे तिथे कसे झाले असते, याचा विचार करून पाहा. उचललेले पाऊल समेवर येईना, वादकांना लय तितकीच संथ करावी लागली असती. अपोलोचे अंतराळवीर चालण्याऐवजी उड्या मारत पुढे सरकत, ते याच गुरुत्वामुळे. चंद्रावरची कुस्ती खऱ्या भौतिकीने दाखवली असती, तर लोक अधिक हसले असते आणि चित्रपट निर्विवाद विज्ञानकथा झाला असता. नियम आणि हसू एकमेकांच्या आड येत नाहीत, असे मी म्हणतो ते यासाठी.

अंतराळप्रवासाच्या कथेचा उगमही बराचसा विनोदातच आहे. दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुशियनने प्रवाशांना चंद्रावर नेले आणि चंद्राच्या व सूर्याच्या राजांमधले युद्ध रंगवले. त्या काळच्या थापाड्या प्रवासवर्णनांची ती थट्टा होती. 1752 मध्ये व्हॉल्तेरने व्याध ताऱ्याकडचा एक महाकाय प्रवासी आणि शनीवरचा एक रहिवासी यांना पृथ्वीवर आणून माणसाच्या अहंकाराची खिल्ली उडवली. ज्यूल व्हर्नची 1865 ची चंद्रप्रवासाची कादंबरीही सुरू होते ती युद्ध संपल्यामुळे बेकार झालेल्या तोफखानेवाल्यांच्या क्लबात, आणि तिथला सूर चक्क उपहासाचा आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, त्यामुळे आपल्या कित्येक पिढ्यांची विज्ञानकथेशी पहिली ओळख हसऱ्या चेहऱ्याने झाली.

विसाव्या शतकात रेडिओ आणि टीव्हीने हा धागा उचलला. 1978 मध्ये बीबीसी रेडिओवर डग्लस ॲडम्सची ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ आली, 1988 मध्ये बीबीसी टीव्हीवर ‘रेड ड्वार्फ’. अंतराळमालिकांची प्रेमळ नक्कल करणाऱ्या ‘गॅलक्सी क्वेस्ट’ या विनोदी चित्रपटाला 2000 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेचे वाचक स्वतः मते देऊन हा पुरस्कार ठरवतात, त्यामुळे त्यांचा कौल दुर्लक्षिता येत नाही.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत थोर उदाहरण ‘फ्युचरामा’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतले आहे. 2010 मधल्या एका भागात एक यंत्र दोन माणसांची मने परस्परांच्या शरीरांत घालते. अट एकच: एकदा अदलाबदल झालेल्या त्याच दोन शरीरांवर ते यंत्र पुन्हा चालत नाही. भागाचा लेखक केन कीलर हा गणितातला डॉक्टरेट. त्याने या भागासाठी खरोखरीचे एक प्रमेय मांडून सिद्ध केले: कितीही माणसांचा कसाही घोळ झालेला असो, बाहेरची दोन नवी माणसे मिळाली की सगळ्यांची मने आपापल्या शरीरात परत पोहोचवता येतात. सिद्धता त्या भागात फळ्यावर दिसते.

घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत हे करून पाहू. तळमजल्यावरचे काका आणि वरचे शेठ यांची मने अदलाबदल झाली. आता सेक्रेटरी आणि वॉचमन या दोघांना मदतीला बोलवा. पहिल्यांदा काकांचे शरीर सेक्रेटरीबरोबर यंत्रात बसवा, मग शेठचे वॉचमनबरोबर. त्यानंतर काकांचे शरीर वॉचमनबरोबर, की काका स्वतःत परतले. शेठचे शरीर सेक्रेटरीबरोबर, की शेठही परतले. आता सेक्रेटरी आणि वॉचमन मात्र एकमेकांत अडकलेले आहेत, पण त्या दोघांची जोडी यंत्रात अजून बसलेलीच नाही. त्यांना शेवटी बसवले की काम फत्ते. एकूण पाच वेळा यंत्र चालवले आणि एकही जोडी दुसऱ्यांदा वापरली नाही. वाचकांनी कागदावर चार चौकोन काढून पडताळावे. एका विनोदी अंतराळमालिकेने गणितात भर घातली, याहून मोठा पुरावा कोणता मागायचा?

या उंचीवरून ‘बडी दूर से आये हैं’कडे पाहिले तर काय दिसते? 1979 साली डार्को सुव्हिन या समीक्षकाने विज्ञानकथेची दोन अंगे सांगितली. ओळखीचे जग अनोळखी करून दाखवणे हे पहिले, आणि ते अनोळखीपण तर्काच्या आधारावर उभे करणे हे दुसरे. पहिल्या अंगात ही मालिका उत्तीर्ण होते. मुंबईच्या वसाहतीतले आपले वागणे परग्रहावरून आलेल्याला प्रथमच दिसते, त्याला कशाचीच सवय नसते, आणि त्याच्या डोळ्यांनी पाहताना आपल्यालाही स्वतःचे नवल वाटते. दूरच्या ग्रहावरून आलेले आईबाप हरवलेल्या लेकराला शोधताहेत, या कल्पनेत खरी करुणा आहे.

दुसऱ्या अंगात ती कमी पडते. 2021 मध्ये सब वाहिनीवर ‘वागळे की दुनिया’ नव्या रूपात आली. निर्माते तेच, मुख्य भूमिकेत सुमीत राघवनच, आणि पुन्हा मुंबईतल्याच वसाहतीतले कुटुंब. परग्रहवासी कुटुंबाचे कित्येक प्रसंग उचलून वागळ्यांच्या घरात ठेवले, तर फारसे काही बदलावे लागणार नाही. माझी कसोटी इथेच उत्तर देते. मालिकेला विज्ञानकथेची दृष्टी होती, पण विज्ञान नव्हते. मी तिला विज्ञानकथेच्या उंबरठ्यावरची कौटुंबिक मालिका म्हणेन. तिला उंबरठ्याबाहेर हाकलणेही अन्याय आणि माजघरात बसवणेही चूक.

आणि माजघर काही दूर नव्हते. समजा, हे कुटुंब मंगळावरून येऊन बोरिवलीत राहिले असते. मंगळाचा दिवस 24 तास, 39 मिनिटे आणि 35 सेकंदांचा असतो. ज्यांच्या शरीराचे घड्याळ त्यावर चालते, ते पृथ्वीवर रोज सुमारे 40 मिनिटे उशिरा उठणार. पहिल्या दिवशी चर्चगेट फास्ट वेळेवर मिळेल. दुसऱ्या दिवशी ती जाईल. नवव्या दिवसापर्यंत सहा तासांचा फरक पडेल आणि महापालिकेचे पाणी येऊन गेल्यावर घर जागे होईल. चोविसाव्या दिवसाच्या सुमारास सोसायटी झोपायला लागली की यांच्या स्वयंपाकघरात चहा उकळेल. शेजारी तक्रार करतील, सेक्रेटरी नोटीस लावेल, आणि सुमारे 36 दिवसांनी सगळे आपोआप जुळून कुटुंब पुन्हा शहाण्यासारखे सकाळच्या गाडीला उभे राहील. यातला एकही विनोद वागळ्यांच्या घरी हलवता येणार नाही.

हे घडू शकते का, याचे उत्तरही आहे. 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्या मंगळावर उतरल्यावर नासाचे अभियंते मंगळाच्या वेळेने कामावर येत होते. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या एका घड्याळजीने रोज 39 मिनिटे मागे पडत जाणारी मनगटी घड्याळे बनवून दिली. ऑगस्ट 2012 मध्ये क्युरिऑसिटी उतरली, तेव्हा तिच्या उड्डाण संचालकांपैकी एकाच्या घरी आई-वडील आणि तीन मुलांनी मिळून जवळजवळ महिनाभर मंगळाच्या दिनक्रमाने दिवस काढले.