गिनीपिग कान खाजवतोय? दुर्लक्ष नको!

मुलांच्या हट्टाखातर घरात गिनीपिग येतो. तो सारखा कान, मान खाजवू लागला, केस गळून खपल्या धरल्या, तर खरजेची शंका घ्यावी. डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बिळे करतात. खाज अनावर होऊन कधी झटकेही येतात. रॉकेल, फिनाईल मुळीच लावू नये. पशुवैद्य वजन पाहून आयव्हरमेक्टिन देतात. अंडी मागे उरतात, म्हणून पुढची मात्रा चुकवू नये. गोल चट्टे दिसले तर नायटा असू शकतो. तो मुलांनाही लागतो. हात साबणाने धुवावेत. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्याच्या अभावी कातडी बिघडते. रोज थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर द्यावी.