एका रुळावर दोन इंजिने

खेळातल्या स्वस्त रेल्वे-इंजिनात रुळांमधील दिष्ट प्रवाह चाकांवाटे सरळ मोटारीत जातो. विद्युतदाब वाढवला की वेग वाढतो. ध्रुव बदलले की दिशा बदलते. पण त्याच रुळावर दुसरे इंजिन ठेवले तर दोन्ही एकदमच धावतात. हवे तेच कसे चालवायचे?

१९९० च्या दशकात अमेरिकेतील 'एनएमआरए' या संघटनेने जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून एक मानक ठरवले. यात रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, फक्त ध्रुव सतत पालटतात. ५८ मायक्रोसेकंदांनी पालटले तर '१', १०० किंवा अधिकांनी पालटले तर '०'. या अंकांतून इंजिनाचा क्रमांक व आज्ञा जाते. इंजिनात बसवलेला छोटा 'डीकोडर' ती वाचतो आणि आपल्याच क्रमांकाची आज्ञा पाळतो. काही डीकोडरांत खऱ्या इंजिनाचा मुद्रित आवाजही असतो. तो वेगाप्रमाणे बदलत स्पीकरमधून येतो.

जोडणी सोपी आहे: चाकांच्या तारा डीकोडरला, डीकोडरच्या तारा मोटारीला. धोका मात्र एक आहे. स्वस्त इंजिनात मोटारीचे एक टोक पुष्कळदा धातूच्या सांगाड्यातून चाकांना जोडलेले असते. तो मार्ग तोडला नाही तर डीकोडर जळू शकतो. म्हणून डीकोडर जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा. चाक आणि मोटार यांच्यामध्ये परिपथ पूर्ण होता कामा नये.