काटेरी कृमी आणि त्याचा भारतीय आप्त

बंगळूरच्या लालबागेत फिरावयास जाणारे अनेक जण तेथील खडकाळ टेकडीवर घटकाभर विसावतात. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरलेला हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. तो घडला तेव्हा पृथ्वीवर प्राण्यांचा मागमूसही नव्हता. नानाविध प्राणी विपुलतेने अवतरले ते पुष्कळ काळाने, कँब्रियन युगाच्या समुद्रांत.

त्या समुद्रांतील एक विलक्षण जीव म्हणजे हॅल्युसिजेनिया होय. लांबी जेमतेम एक ते पाच सेंटिमीटर, शरीर अळीसारखे, एका बाजूस टणक काट्यांच्या सात जोड्या आणि दुसऱ्या बाजूस मऊ, लांबट अवयव. कॅनडात सापडलेल्या त्याच्या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स वॉल्कॉट यांनी १९११ साली केले. १९७७ साली सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्यास आजचे नाव दिले. परंतु काट्यांनाच पाय समजून त्यांनी हा प्राणी उलटा उभा केला! चीनमधील जीवाश्मांच्या साहाय्याने १९९१ साली तो सुलटा झाला. काटे पाठीवरचे, संरक्षणासाठी होते. पुढे २०१५ साली, डोके म्हणून मानलेला डाग हा शरीरातून पाझरलेला द्रव ठरला आणि खरे डोके, दोन डोळ्यांसह, दुसऱ्या टोकास आढळले.

त्याच्या नखांची रचना एकात एक बसविलेल्या टोप्यांसारखी आहे. अशीच रचना आजच्या मखमली कृमीत दिसते, हे २०१४ साली सिद्ध झाले. हा मऊ, आखूड पायांचा जीव ओलसर जागी राहतो व चिकट द्रवाची पिचकारी मारून भक्ष्य पकडतो.

भारतातील मखमली कृमी १९११-१२ च्या आबोर मोहिमेत स्टॅन्ले केंप यांना आजच्या अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात दगडांखाली सापडला. त्यानंतर शतकभर त्याचा पत्ता नव्हता. अखेर बंगळूरच्या 'एट्री' या संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांनी १११ वर्षांनी त्याच खोऱ्यात त्याला पुन्हा शोधून काढले.

जीवाश्माविषयीची चूक शंभर वर्षांनीही सुधारता येते, कारण दगड वाट पाहतो. दगडाखालचा जिवंत जीव मात्र ओलावा टिकेल तोवरच टिकतो. म्हणून सियांगच्या अरण्यांची जपणूक करणे, हाच या प्राचीन कुळाचा खरा अभ्यास होय.