टर्बो नसलेल्या गाडीला टर्बो टायमर हवा का?

किल्ली काढल्यावरही इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवून मग आपोआप बंद करणारे उपकरण म्हणजे टर्बो टायमर. टर्बोचार्जरचे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्याच्या बेअरिंगला इंजिनाचेच ऑइल मिळते. जोरात चालवलेली गाडी एकदम बंद केली, तर ऑइलचा पुरवठा थांबतो, अडकलेले ऑइल करपते आणि बेअरिंग झिजते. टायमर हे टाळण्यासाठी असतो.

साध्या इंजिनात टर्बोचार्जरच नसतो. त्यामुळे तिथे टायमर कशाचेच रक्षण करत नाही. पेट्रोल मात्र जळते, धूर होतो. बंद गॅरेजमध्ये तर हा धूर जिवावर बेतू शकतो. शिवाय वायरिंगमध्ये नवे जोड द्यावे लागतात, ते वेगळेच.

आजच्या अनेक टर्बो गाड्यांतही बेअरिंगभोवती कूलंट फिरते, त्यामुळे त्यांनाही टायमरची गरज सहसा पडत नाही. घाट चढून आल्यावर शेवटचा किलोमीटरभर गाडी सावकाश चालवणे पुरते. टर्बो नसेल, तर टायमरचे पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात घाला; इंजिनाचे आयुष्य त्यानेच वाढते.