घडीचा स्टँड

पाण्याची बादली शरीराजवळ धरली तर हलकी वाटते. हात लांब केला, की खांदा भरून येतो. बादली तीच, वजनही तेच. हा तरफेचा नियम आहे.

भिंतीवर टीव्ही लावण्याचा घडीचा स्टँड पुढे ओढता येतो, बाजूला वळवता येतो. समजा, टीव्ही 10 किलोचा आहे. स्टँडच्या वरच्या व खालच्या बोल्टांत 20 सेंमी अंतर आहे. टीव्ही भिंतीपासून 5 सेंमीवर असताना वरच्या बोल्टांवर सुमारे अडीच किलोइतकी ओढ असते. तो 50 सेंमी पुढे आणताच ती 25 किलोइतकी होते!

म्हणून आधी भिंत पाहावी. कन्नडसारख्या गावांत जुनी घरे दगड-मातीची, तर नवी विटा-सिमेंटची असतात. मातीच्या बांधकामात बोल्ट टिकत नाही. तेथे टीव्ही टेबलावरच बरा. पक्क्या भिंतीत विटेच्या मधोमध भोक पाडावे, सांध्यात नाही. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत भोक पाडू नये. आत वायर असू शकते. पाणसळ लावून पट्टी सरळ बसवावी. टीव्ही दोघांनी उचलावा. शेवटी स्टँड पूर्ण पुढे ओढून पट्टी हलते का, ते तपासावे. त्याच टीव्हीखाली लहान भावंडे खेळणार असतात.

शब्दार्थ : ओढ – खिंचाव, सांधा – जोड, पाणसळ – सपाटी तपासण्याचे साधन.