'थोडे म्हातारपण' : शब्दकोड्यातील द्व्यर्थी सूत्रे

'थोडे म्हातारपण', अक्षरे दोन. सोडवणारा वयाच्या मागे लागतो आणि 'साठी' लिहून मोकळा होतो. उत्तर आहे 'जरा'. सूत्र मधोमध तोडायचे : थोडे म्हणजे जरा आणि म्हातारपण म्हणजेही जरा. उच्चारात हे दोन शब्द वेगळे आहेत; पहिल्यातला ज दंततालव्य, दुसऱ्यातला तालव्य. लिपी मात्र दोघांना एकच अक्षर देते, आणि कोडे कागदावर सुटते.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आले, तेव्हा सूत्रे बहुतेक सरळ होती. चकव्याची रीत पुढे ब्रिटिश वृत्तपत्रांनी वाढवली. आपल्याला ती परकी वाटू नये. श्लेष जुनाच आहे. फक्त श्लेषात दोन्ही अर्थ वाचकाला दिसावेत अशी कवीची इच्छा असते, कोडेकाराला त्यातला एक दडवायचा असतो.

मराठीत तो दडवणे इंग्रजीपेक्षा अवघड, कारण लिंग चुगली करते. ती माळ गळ्यातली, तो माळ गावाबाहेरचा. ती मान, तो मान. ते नाव, ती नाव. प्रत्यय लागला की सगळे उघडे पडते : माळेवर, माळावर, मानेला, मानाला. म्हणून 'मोत्यांची किंवा गवताचा' या सूत्रात 'ची' आणि 'चा' यांनीच निम्मे उत्तर सांगून टाकले आहे.

यातून सुटायची एक वाट व्याकरणातच आहे. 'बारशाला ठेवतात, खाडीत वल्हवतात' हे सूत्र पाहा. वर्तमानकाळात क्रियापद कर्त्याकडे पाहते, त्यामुळे कर्माचे लिंग झाकलेले राहते. हेच भूतकाळात लिहा : 'बारशाला ठेवले, खाडीत वल्हवली'. क्रियापद कर्माकडे वळले आणि झाकण उडाले. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतला फरक इतक्या थोडक्यात दाखवणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. (१९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले नसते, तर हे सूत्र जमलेच नसते, जुन्या छपाईत बारशाचे 'नांव' आणि खाडीतली 'नाव' वेगळी दिसत.)

आपल्या भागातल्या वर्गांना याचा उपयोग अधिक आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, हिंदीत नपुंसकलिंगच नाही. अशा शेजारात वाढणाऱ्या बेळगावच्या किंवा इंदूरच्या मुलाला 'ते नाव, ती नाव' हा भेद नुसत्या कानाने पकडणे कठीण जाते. लिंगांचे तक्ते पाठ करून घेण्यापेक्षा त्याला सूत्र रचायला सांगावे. रचताना त्याला प्रत्येक क्रियापदाशी थांबावे लागते. इंदुरात 'पीठ' मात्र जपून द्यावे. हिंदीतली पीठ म्हणजे पाठ, आणि मूल तोच अर्थ आधी लिहील. पाचवीसाठी 'समईत तेवते, सांध्यांत शिरतो' असे लिंग उघडे ठेवलेले सूत्र पुरे. दहावीला ते झाकायला सांगावे.