प्रसूतिसमयींचे तीन विलंब

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें म्हणत आलीं आहेत. ह्या म्हणण्यांत मातेविषयीं आदर आहे. परंतु त्यांत एक घातक समजूतहि दडलेली आहे. ती ही कीं, प्रसूतींत स्त्रीचा जीव वांचणें वा न वांचणें हें दैवाधीन असून मनुष्याचा तेथें कांहीं इलाज चालत नाहीं. ही समजूत खरी नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस पटवून द्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आंकडे पाहूं. २००४ ते २००६ ह्या काळांत महाराष्ट्रांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० ह्या काळांत ही संख्या ३३ वर आली. सबंध भारताची संख्या ह्याच अवधींत २५४ वरून ९७ वर उतरली. दैव पंधरा वर्षांत पालटत नसतें. पालटली ती मनुष्यांनीं केलेली व्यवस्था. यावरून जे मृत्यु अद्याप घडतात, त्यांतीलहि बहुतेक टाळतां येण्याजोगे आहेत असें अनुमान निघतें.

ही व्यवस्था सुखासुखीं उभी राहिली नाहीं. आनंदीबाई जोशी ह्यांचें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन वारलें. पुढें त्यांनीं अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली आणि आपल्या प्रबंधासाठीं प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला. इंग्रजी अमदानींत बासीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या वाशीम गांवींहि, १९३० नंतरच्या दशकांत, डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या अमेरिकन स्त्री-डॉक्टरांनीं नाझरीन मिशनच्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचा पाया घातला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. माता दगावते ती बहुधा विलंबामुळें. थॅडियस व मेन ह्या दोन विदुषींनीं १९९४ सालीं ह्या विलंबाचे तीन प्रकार सांगितले : दवाखान्यांत नेण्याचा निश्चय करण्यांतील विलंब, तेथें पोहोंचण्यांतील विलंब, आणि पोहोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यांतील विलंब.

विलंब एवढा घातक कां, हें समजून घेतलें पाहिजे. नऊ महिने भरत आले म्हणजे गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारें अर्धा लिटर रक्त वाहत असतें. मूल व वार बाहेर पडल्यावर गर्भाशय मुठीप्रमाणें आवळला जातो व उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. तो आवळला नाहीं तर रक्तस्राव थांबत नाहीं, आणि दोन तासांच्या आंत मृत्यु ओढवूं शकतो. दवाखान्यांत ऑक्सिटोसिनचें इंजेक्शन, रक्त व शस्त्रक्रिया हे उपाय असतात. घरीं त्यांपैकीं एकहि नसतो. जिच्या अंगीं आधींच रक्त कमी, तिला थोडाहि स्राव सोसत नाहीं.

तिसरा विलंब दूर करणें हें सरकारचें व डॉक्टरांचें काम आहे. दुसऱ्याची तजवीज घरीं आधींच करतां येते. मानोरा किंवा रिसोड तालुक्यांतील एखाद्या तांड्यावरून पावसाळ्यांत नाला भरून वाहत असतां निघणें सोपें नसतें. म्हणून दिवस भरत येतांच जवळच्या मोठ्या गांवीं नातलगाकडे जाऊन राहावें. १०२ व १०८ ह्या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. २०११ सालीं सुरूं झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी रुग्णालयांत प्रसूति, औषधें, तपासणी, रक्त, आहार व जाण्यायेण्याचें वाहन हीं सर्व विनामूल्य आहेत.

परंतु पहिला विलंब सर्वांत जुना असून त्याचें स्थान आपल्या घरांत आहे. 'धनी शेतांतून येऊं द्या', 'सासूबाईंना विचारूं', 'आमच्या वेळीं कोण जात होतें दवाखान्यांत?' असें म्हणतां म्हणतां घटका निघून जातात. पुष्कळदां प्रसंग ओढवतो तो सोयाबीन काढणीच्या दिवसांत, आणि घरीं निर्णय घेणारें कोणीच नसतें. म्हणून निर्णय आधींच ठरलेला असावा. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, हातातोंडावर सूज, झटके, ताप, पोटांतील बाळाची हालचाल मंदावणें, किंवा कळा नसतां पाणी जाणें, ह्यांपैकीं एक जरी चिन्ह दिसलें तरी कोणाची वाट न पाहतां तत्काळ निघावें.

याखेरीज, तिसरा महिना संपण्यापूर्वींच नांव नोंदवून निदान चार वेळां तपासणी करवावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत डॉक्टरांकडून गर्भवतींची तपासणी होते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्याव्या. त्यांसोबत लिंबू किंवा आंवळा असावा, चहा नसावा. पोटांतलें मूल फार वाढूं नये म्हणून अर्धपोटीं राहणें ही तर मोठीच चूक होय. आणि मुलीचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं लावणें हा गुन्हा तर आहेच. शिवाय अपक्व देहावर मातृत्वाचा भार घालणेंहि आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला वाचतां येतें, ही तुमच्या घराची शक्ति आहे. आई, काकू वा वहिनी गर्भवती असेल तर तिचें तपासणीचें कार्ड वाचून पुढील तारखेची तिला आठवण द्या. आशाताईंचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवा. पालकहो, सून दवाखान्यांत न्यावी कीं नाहीं हा प्रश्न संकटाच्या रात्रीं विचारण्याचा नव्हे. तो आजच सोडवून ठेवा. परमेश्वरानें मनुष्यास बुद्धि दिली आहे. ती वेळेवर वापरणें हेंहि त्याच्या इच्छेस अनुसरूनच आहे, असें आम्हांस वाटतें.